संवाद दुरुस्त केले तरी पुन्हा पुस्तकी होतात, तेव्हा

कथेतलं निवेदन नीट चाललेलं असतं आणि पात्रांनी तोंड उघडलं की मजकूर आखडतो, ही नव्या-जुन्या लेखकांची नेहमीची तक्रार. काहीतरी चुकतंय हे लिहिणाऱ्यालाही ऐकू येत असतं. मग तो बसून ‘करीत आहे’चं ‘करतोय’ करतो, ‘परंतु’ काढून ‘पण’ घालतो, मधेमधे ‘अरे’, ‘अगं’, ‘ना’ पेरतो. तेवढं प्रकरण सुधारल्यासारखं दिसतं. पुढच्या प्रकरणात दोष पुन्हा हजर, आणि पुन्हा तीच डागडुजी.

एक बिघडलेला नमुना घेऊ. बहीण-भाऊ आहेत, वडील वारलेत, वडिलांचं घर बंद पडून आहे. भावाने ते परस्पर विकायला काढलंय.

“ताई, बाबांचे निधन होऊन तीन वर्षे झाली आणि तेव्हापासून आपले घर बंद आहे, हे तुला माहीतच आहे.”
“हो. पण मला न विचारता तू ते विकण्याचा निर्णय घेतलास, याचे मला फार वाईट वाटते.”
“मला माफ कर. माझ्यावर खूप कर्ज झाले होते.”

आता यावर नेहमीची डागडुजी करून बघा.

“अगं ताई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली ना, तेव्हापासून घर बंदच पडलंय, तुला माहितीये.”
“हो रे, पण मला न विचारता तू विकायचं ठरवलंस ना, त्याचं फार वाईट वाटलं मला.”
“सॉरी गं. खूप कर्ज झालं होतं माझ्यावर.”

भाषा बोलीतली झाली, तरी माणसं तशीच लाकडी राहिली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली हे ताईला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त वाचकाला. म्हणजे महेश (त्याला काहीतरी नाव देऊ) ताईकडे तोंड करून वाचकाशी बोलतोय. ताई तरी काय करते? आपल्या मनात काय चाललंय त्याचा अहवाल देते, तोही वाचकासाठीच. दोघांच्या मधे तिसरा माणूस उभा आहे आणि दोघं त्याला माहिती पुरवताहेत. शब्द कितीही बदला, हा तिसरा माणूस हलत नाही. म्हणून दोष परत परत येतो.

यावरची तपासणी सोपी आहे, फक्त कंटाळवाणी. संवादातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने लिहायचं: हे ऐकून समोरच्याने काय करावं, असं बोलणाऱ्याला वाटतंय? उत्तरात एखादी कृती आली पाहिजे, आणि ती आत्ता, या खोलीत करता येण्याजोगी हवी. ‘महेशचं दुःख ताईला कळावं’ हे उत्तर चालणार नाही, ते फार पसरट आहे. ‘ताईने आज त्या घरी जाऊ नये’ हे चालेल. ‘महेशने चावी काढून द्यावी’ हेही चालेल. ज्या ओळीखाली असं काहीच लिहिता येत नाही, ती ओळ वाचकासाठी आहे असं खुशाल समजा.

वरच्या नमुन्यात तिन्ही ओळी या तपासणीत नापास होतात. तेव्हा ओळी बाजूला ठेवून आधी दोघांच्या गरजा ठरवू: ताईला चावी हवी आहे. महेशला तिला दुपारपर्यंत अडकवून ठेवायचं आहे, कारण घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे.

“चावी कुठंय?”
“कसली?”
“घराची, महेश.”
“असेल इथंच कुठेतरी. बस तरी आधी.”
“खुंटीला असायची.”
“काढली तिथून.” तो कपाटाकडे गेला, पण उघडलं नाही. “आजच जायचंय का तुला?”
“का, आज काय आहे?”
“कुठं काय. ऊन फार आहे म्हणून म्हटलं.”
“कोण येणार आहे तिथे?”

‘विकणं’ हा शब्द कुठे आलेला नाही, ‘वाईट वाटलं’ नाही, ‘कर्ज’ नाही. तरी भाऊ काहीतरी लपवतोय हे वाचकाला चौथ्या ओळीपर्यंत कळतं आणि शेवटच्या ओळीत ताईलाही. ‘घराची, महेश’ मधलं नाव बघा. एरवी घरातली माणसं एकमेकांना सारखी नावाने हाक मारत नाहीत. लेखक मात्र कोण बोलतंय ते कळावं म्हणून ओळीओळीत नावं घालत सुटतात. इथे ते नाव दटावणीसाठी आलंय, म्हणून खपतं.

मग वाचकाला लागणारी माहिती द्यायची कुठे? पहिला पर्याय इतका साधा आहे की तो सुचतच नाही: निवेदनात सांगून टाका. ‘बाबा गेल्यापासून तीन वर्षं घर बंद होतं.’ एका वाक्यात काम संपलं. ‘सांगू नका, दाखवा’ हा सल्ला इतका घोटला गेलाय की निवेदनात काही सांगणं म्हणजे पाप, असं लेखकांना वाटायला लागलंय. परिणामी सगळी पार्श्वभूमी पात्रांच्या तोंडी कोंबली जाते. माझ्या मते पुस्तकी संवादांचं निम्मं खापर याच सल्ल्यावर फोडायला हवं.

दुसरा पर्याय जास्त मजेचा. माहिती भांडणात हत्यार म्हणून वापरायची. “तीन वर्षांत एकदा तरी फिरकलीस का तिकडे?” इथे तीन वर्षं आली, घर ओस पडल्याचंही आलं, आणि ओळ सरळ ताईच्या अंगावर गेली. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट माणसं एकमेकांना सांगतात ती टोचायला, आठवण करून द्यायला, नाहीतर गळ घालायला. या तिन्हीपैकी काही नसेल तर ती माहिती निवेदनात परत पाठवावी.

इथवर आलं की बरेच संवाद सुटतात. पण एक चिवट प्रकार उरतो: गरजा ठरवल्यात, माहिती काढलीय, तरी बोलणं सरकारी खुलाशासारखं वाटतं. प्रश्न आला की उत्तर येतं, पूर्ण आणि मुद्देसूद. मग पुढचा प्रश्न.

बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी याबद्दल बरंच खोदून ठेवलंय आणि ते लेखकाच्या थेट उपयोगी पडतं. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 मध्ये संभाषणातल्या पाळ्यांवर, म्हणजे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं कसं सुरू होतं यावर, एक पायाभूत निबंध लिहिला. पुढे 2009 मध्ये जगभरातल्या दहा भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर मोजलं गेलं. भाषांमध्ये थोडाफार फरक होता, पण सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. एखाद्या वस्तूचं चित्र बघून तिचं नाव उच्चारायला माणसाला याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ असा की समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच ऐकणारा आपलं उत्तर जुळवायला लागलेला असतो. कथेतलं पात्रही समोरच्याला मधेच अडवू शकतं, किंवा त्याच्या शेवटच्या शब्दांकडे दुर्लक्ष करून स्वतःला अपेक्षित होतं त्याचं उत्तर देऊ शकतं. प्रश्न संपूर्ण ऐकून, विचार करून, त्याच क्रमाने उत्तर देणारा माणूस परीक्षेत किंवा साक्षीच्या पिंजऱ्यात शोभतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आणखी कामाची आहे. होकार पटकन येतो, नकार रेंगाळत येतो. नकाराच्या आधी थोडी शांतता असते, ‘अं’ असतं, ‘तसं काही नाही, पण’ असतं, कारण असतं, कधी स्तुती असते. खुद्द ‘नाही’ हा शब्द तर पुष्कळदा येतच नाही.

“रविवारी याल ना मदतीला?”
“रविवारी का?... बघतो. मुलांचं काय आहे ते एकदा विचारतो घरी.”

हा नकार आहे, दोघांनाही तो कळलाय. कागदावर शांतता ऐकू येत नाही, म्हणून तिचं काम असल्या आडवळणांकडून करून घ्यावं लागतं: प्रश्नाचा तुकडा परत म्हणणं, उलट प्रश्न, तिसऱ्याच माणसावर ढकलणं. आणि हे सगळीकडे केलंत, की एखाद्या जागी आलेलं “नाही. मी येणार नाही.” हे साधं वाक्य आपोआप घटना होऊन बसतं. बिघडलेल्या संवादांत असले सडेतोड नकार पानापानावर असतात, म्हणून कुठल्याच नकाराला धार राहत नाही.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 मध्ये छापलेल्या एका निबंधात हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने धरली. बोलताना माणसं एकमेकांना सहकार्य करतात, पुरेसं आणि प्रसंगाला धरून बोलतात असं आपण गृहीत धरतो. म्हणून कोणी उघडउघड कमी बोललं तर ऐकणारा गाळलेलं स्वतः भरून काढतो. त्यांचं उदाहरण शिफारसपत्राचं आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षक एवढंच लिहितात की त्याचं भाषेवर प्रभुत्व आहे आणि वर्गातली हजेरी नियमित आहे. तत्त्वज्ञानाबद्दल अवाक्षर नाही. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. तुमच्या पात्राला ‘तो बिनकामाचा आहे’ असं म्हणायचं असेल तर आधी ‘वेळेवर येतो बिचारा’ एवढ्यावर भागतंय का ते बघा.

आता दुसरी मोठी तक्रार: सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. नावं झाकली तर आजोबा कोण आणि नात कोण कळत नाही. यावरचा घाईचा उपाय म्हणजे एकेकाला एकेक पालुपद वाटून देणं. एक जण सारखा ‘काय समजलेत’ म्हणतो, दुसरी ‘इश्श्य’ करते. किंवा एकाला बोलीभाषा द्यायची आणि बाकीच्यांना प्रमाण. पालुपदं तिसऱ्या पानावर वाचकाच्या डोक्यात जातात. आणि बोली फक्त गरीब, अडाणी किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येत असेल तर तो कसबाचा दोष राहत नाही, लेखकाची नजर उघडी पडते. ती बोली तुमच्या कानात मुरलेली नसेल तर दोनचार क्रियापदांच्या रूपांवर वेळ मारून नेऊ नका. त्यापेक्षा शब्दांचा क्रम आणि वाक्यांची लांबी बदला.

खरा फरक प्रत्येक जण एकच गोष्ट कशी टाळतो यातून पडतो. वर पाहिलेला नकारच घ्या आणि तो तीन पात्रांच्या तोंडी घालून बघा. एक जण विषय बदलेल. एक जण जास्तच गोड बोलायला लागेल. तिसरी व्यक्ती समोरच्याचीच चूक काढेल. हे ठरलं की शब्द आपापले येतात. एखादा माणूस वाक्यं पूर्ण करतो की अर्ध्यावर सोडतो, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो का, रागात मोठ्याने बोलतो की अति सभ्य होतो, एवढं तीन-चार ओळींत टिपून ठेवलं तरी पुरतं. पात्राची रास आणि आवडता रंग लिहून काढण्याचे जे तक्ते फिरत असतात, त्यांचा संवादासाठी शून्य उपयोग होतो.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात आणखी एक साधन आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. तू, तुम्ही, आपण. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपातल्या भाषांमधल्या अशा सर्वनामांचा अभ्यास करून त्यांत सत्ता आणि जवळीक यांची मापं कशी दडलेली असतात ते दाखवलं. आपल्याला तर ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. तरीही कथांमध्ये पहिल्या पानावर कोणी कोणाला काय म्हणायचं ते ठरतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. प्रत्यक्षात संबंध हलले की संबोधनं हलतात. इतके दिवस ‘तू’ म्हणणारी मैत्रीण एका भांडणात “नाही, तुम्ही बोला. तुमचंच ऐकायला बसलोय आम्ही” म्हणते, तेव्हा वेगळं ‘ती चिडली’ लिहावं लागत नाही.

याहून नाजूक जागा म्हणजे संबोधनच टाळणं. आईने दुसरं लग्न केलंय आणि मोठ्या मुलाला त्या गृहस्थांना काय म्हणावं ते ठरवता येत नाही. मराठी त्याला पळवाट देते: “निघायचं का?” “कधी येणं झालं?” “दार उघडंच आहे.” तू नाही, तुम्ही नाही, बाबा नाही, काका नाही. असं पाच-सहा प्रसंग चालवून एखाद्या गडबडीच्या क्षणी त्याच्या तोंडून नकळत “अहो, धरा, धरा!” निघू द्या. एवढ्या दोन शब्दांना अख्ख्या प्रकरणाचं वजन येईल.

शब्दांच्या क्रमाचंही असंच. लिहिताना आपण क्रियापद शेवटी बसवतो: “मी ती तुला परवाच दिली.” बोलताना नवी किंवा तातडीची गोष्ट आधी येते आणि दोघांना माहीत असलेलं क्रियापदाच्या मागे फेकलं जातं: “परवाच दिली ना मी तुला ती.” संवाद कानाला ताठ लागत असेल तर ‘अरे-अगं’ वाढवण्याआधी हा क्रम हलवून बघा. प्रत्येक वाक्यात मात्र नको. सगळ्याच ओळी उलट्या झाल्या की ती एक नवी लकब होऊन बसते.

‘म्हणाला’बद्दल फार बोलायची गरज नाही. ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘गरजला’ काढा आणि ‘म्हणाला’ ठेवा. वाचकाच्या डोळ्याला तो दिसतही नाही. ‘रागाने म्हणाला’ लिहावंसं वाटलं तर राग ओळीत उतरलेला नाही, असं समजून ओळ बदला. मराठीत एक सोय अशी की ‘जाते’ आणि ‘जातो’ यांवरून बोलणारा बाई की पुरुष ते बऱ्याचदा कळतं, त्यामुळे एक बाई आणि एक पुरुष बोलत असतील तर अर्धेअधिक ‘म्हणाली-म्हणाला’ गाळता येतात. दोन बहिणी बोलायला लागल्या की हा आधार सुटतो, तिथे सांभाळा. आणि खिडकीबाहेर बघणं, सुस्कारा सोडणं, चष्मा पुसणं या हालचाली नुसत्या जागा भरायला येतात. वरच्या प्रसंगात महेश कपाटापाशी जाऊन ते उघडत नाही. तसली हालचाल हवी, त्याच्या गरजेला चिकटलेली.

‘मोठ्याने वाचून बघा’ हा सल्ला सगळेच देतात. तो चांगला आहे, पण त्यात एक खोट आहे. लेखक स्वतःचे संवाद वाचतो तेव्हा अभिनय करतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे त्याला माहीत असतं, आणि मेलेल्या ओळीतही तो जीव ओततो. त्यामुळे त्याला सगळं छान ऐकू येतं आणि दोष तसाच छापला जातो. त्यापेक्षा कथा ठाऊक नसलेल्या माणसाला, आधी नजरसुद्धा न टाकता, थेट वाचायला सांगा आणि तो कुठे अडखळतो त्यावर खुणा करा. असं कोणी मिळालं नाही तर मोबाइलमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते, मराठीतही. तो सपाट, भावशून्य आवाज या कामाला उत्तम. ज्या ओळी त्या आवाजातही कळतात आणि टोचतात, त्या पक्क्या.

काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि खऱ्या गप्पा ध्वनिमुद्रित करून जशाच्या तशा उतरवतात. संमती घेऊन हा प्रयोग एकदा जरूर करावा, पण तो मजकूर कथेत चालेल म्हणून नव्हे. पाच मिनिटांच्या खऱ्या बोलण्यात अर्धवट वाक्यं, एकमेकांवर चढलेली बोलणी, सुरू करून सोडून दिलेले विषय यांचा इतका गाळ असतो की दीड पान वाचवत नाही. त्यातून बघायचं ते एवढंच: कुठला प्रश्न बिनउत्तराचा राहिला, आणि ते कोणालाच कसं खटकलं नाही.

सगळेच पुस्तकी संवाद दुरुस्त करायचे असतात असंही नाही. आदल्या रात्री आरशासमोर घोकलेला राजीनामा, अनेक वर्षांनी भेटलेल्या वडिलांशी जपून बोलणारी मुलगी, साहेबासमोर घाबरलेला कारकून: ही माणसं खरोखरच छापल्यासारखी बोलतात. तिथे ताठपणा हाच आशय आहे. फक्त समोरच्या पात्राचं बोलणं ढिलं ठेवा, म्हणजे हा ताठपणा पात्राचा आहे, लेखकाचा नव्हे, हे दिसेल.

एवढं सगळं करून एखाद्या ठरावीक जोडीचेच संवाद पुन्हा पुन्हा कोसळत असतील तर त्या दोघांपैकी एक जण केवळ प्रश्न विचारायला ठेवलेला नाही ना, ते तपासा. ‘मग काय झालं?’, ‘म्हणजे?’, ‘आणि तू काय केलंस?’ एवढंच बोलणारा मित्र, शेजारीण किंवा सहकारी. हा वर सांगितलेला तिसरा माणूसच आहे, वाचकाच्या वतीने खुर्चीवर येऊन बसलेला. त्याच्या ओळी कितीही घोटल्या तरी सुधारणार नाहीत, कारण त्याला स्वतःला काहीच नको आहे. एकतर त्याला काढून टाका आणि ती हकीकत निवेदनात घ्या, किंवा त्याचं काहीतरी या हकीकतीत अडकवा. नोकरी सुटल्याची कहाणी ऐकणाऱ्या मित्राने ती सांगणाऱ्याला पैसे उसने दिलेले असू द्यात. मग त्याचं तेच “मग काय झालं?” वेगळं ऐकू येतं, आणि सांगणाराही कहाणी तशी सरळ सांगू शकत नाही:

“मग काय झालं?”
“काय होणार. दिला कागद हातात.”
“आणि राहिलेला पगार?”
“तुझं बुडवणार नाही मी.”
“मी कुठं काही म्हटलं?”